आधी मुंबई की आधी कोल्हापूर?

भाचा विचारतोय, ॲक्टिंग-डिरेक्शनची सुरुवात कुठून करू?

खर्चाचं बघ. इथं कोल्हापुरात घरचं जेवण, मित्राची गाडी. मुंबईत खोलीच्या डिपॉझिटमध्येच लेन्सचे पैसे जातात. मी अंधेरीत चौघांत राहिलो. ऑडिशनचा शर्ट एकच, रात्री धुवून पंख्याखाली वाळवायचा.

काम तिकडंच जास्त. आपल्या कोल्हापूर चित्रनगरीत मालिकांचं शूटिंग असतं, पण मोठे रोल मुंबईतच ठरतात. मला मिळाला हवालदार, तोही पाठमोरा!

शॉर्टफिल्म मात्र इथंच जमते. रंकाळ्यावर पहाटे दोघांत सीन उरकतो. मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांनी १९२० च्या आधीच इथं कॅमेरा बनवला होता, तुझ्याकडं तर मोबाईल हाय.

नुसता अभिनयच करायचा, तर सहा महिन्यांचं भाडं साठवून मुंबई गाठ. स्वतःची फिल्म करायची असेल तर हलू नकोस.