‘बाई फोटोग्राफर आहे, काळजी नको’

एका बनावट मॉडेलिंग एजन्सीपायी माझे पैसे बुडाले तेव्हा मी दोन-तीन जवळच्या मैत्रिणींना सांगितलं आणि विषय संपवला. फॅशन फोटोग्राफीसारख्या नवीन क्षेत्रात शिरताना एखादा फटका बसतोच, अशी मनाची समजूतही घातली. पाच महिन्यांनी एका मुलीचा मेसेज आला, ‘ताई, माझे फोटो कधी मिळतील? मी तर पूर्ण पैसे भरलेत.’ त्या दिवसापासून ‘मी फसले’ एवढंच सांगून भागत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी समारंभांचे आणि वस्तूंचे फोटो काढायचे. मनात मात्र फॅशन होतं. या कामात सुरुवातीलाच एक तिढा असतो. पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायला निवडक कामाचा संग्रह, नाही म्हणून चांगली मॉडेल मिळत नाही आणि चांगली मॉडेल नाही म्हणून पोर्टफोलिओ होत नाही. मी मावसबहिणीला, मैत्रिणींना उभं करून सराव केला. इर्विंग पेन या अमेरिकन फॅशन फोटोग्राफरने १९४८ च्या सुमारास दोन फळ्या अरुंद कोनात उभ्या करून त्या सांदीत भल्याभल्यांना उभं केलं होतं. मीही घरी दोन जुने प्लायवूड तसेच लावले. बहीण त्या कोपऱ्यात दहा मिनिटांत कंटाळली, पण खिडकीच्या उजेडाचं गणित मला तिथेच कळलं. त्यातले आठ-दहा फोटो मी नेटवर टाकले आणि त्यावरूनच मला एका ‘मॉडेलिंग एजन्सी’चा निरोप आला.

बोलणारा माणूस अतिशय नम्र होता. नवीन चेहऱ्यांचे टेस्ट शूट करायचे आहेत, जागा, लाइट, मेकअप सगळं आमचं, तुम्ही फक्त कॅमेरा घेऊन या, असं त्याचं म्हणणं. पहिले तीन शूट ‘टीएफपी’, चौथ्यापासून मानधन, तेही तीस दिवसांनी. शेवटी सहज बोलल्यासारखं म्हणाला, ‘मॅडम, आम्हाला बाईच फोटोग्राफर हवी होती. मुली मोकळ्या राहतात.’ मला हे फार आवडलं. किती विचार करतात बघा, असं मी घरीही सांगितलं.

टीएफपी म्हणजे वेळेच्या बदल्यात प्रिंट. फिल्मच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत आहे आणि ती मुळात वाईट नाही. फोटोग्राफर वेळ देतो, मॉडेल वेळ देते, पैसे कुणीच देत नाही आणि फोटो दोघांच्या उपयोगी पडतात. पण हा सौदा दोघांचा असतो. इथे मध्ये तिसरा बसला होता आणि सगळ्या गोष्टी त्याच्या हातात होत्या. मुलीशी माझं बोलणं व्हायचं ते ‘हनुवटी थोडी खाली’ एवढंच. तिचा फोन नंबर मला द्यायचा नाही, माझा तिला द्यायचा नाही. कारण काय, तर ‘प्रोफेशनल शिस्त’.

खोलीत राखाडी कागदाचा रोल, उजेड मऊ करणारा एक सॉफ्टबॉक्स आणि एक आरसा. एका दिवसात सहा मुली, प्रत्येकीला चाळीस मिनिटं, तीन कपडे. मी ८५ मिमीची लेन्स लावून चेहरे टिपत सुटले. खऱ्या टेस्ट शूटमध्ये एकाच मुलीवर अर्धा दिवस सहज जातो, कारण तिथे शोध चाललेला असतो. ही कुठल्या कोनातून कशी दिसते, चालताना खांदे कसे ठेवते, न हसता चेहऱ्यावर काय उरतं. आमच्याकडे नुसता घाणा चालला होता.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला जड जातंय. मला काही गोष्टी दिसत होत्या. एजन्सी मॉडेल घेते तेव्हा सगळ्यात आधी साधे फोटो मागते. मेकअप नाही, केस मागे बांधलेले, अंगासरशी साधे कपडे, भिंतीपाशी उभं राहून समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचे. त्यांना पूर्वी पोलरॉइड म्हणत, आता डिजिटल्स म्हणतात. ते फोनवर काढलेलेही चालतात. या सगळ्या दिवसांत असा एकही फोटो कुणी मागितला नाही. कुणी उंची मोजली नाही. रॅम्पसाठी मुलींची उंची साधारण १७३ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त मागतात, हे मी तेव्हाही वाचलेलं होतं. माझ्यासमोर १५५ सेंटीमीटरची मुलगी उभी होती आणि मागून तो माणूस तिच्या आईला रॅम्पच्या गोष्टी सांगत होता. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून होते. डोळा लावलेला असला की कान बंद ठेवायला बरं पडतं.

शूट संपला की कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड तिथेच द्यायचं. ‘आमचा रिटचर बसलाय, फाइल्स उतरवून घेतो.’ अर्ध्या तासाने कार्ड फॉरमॅट करून परत मिळायचं. माझ्यासाठी काही निवडक फोटो पाठवणार होते. ते आले लहान आकारात, कोपऱ्यात त्यांचा शिक्का मारून. रॉ फाइल म्हणजे आपली निगेटिव्ह. फिल्मवर काम करणारे लोक प्रिंट द्यायचे, निगेटिव्ह सहसा सोडायचे नाहीत. मी मात्र घरच्या किल्ल्या दिल्यासारखं कार्ड देत गेले.

कागदावर सहीही केली होती. पहिल्या दिवशी, मेकअप चालू असताना, घाईघाईत. दोन पानं होती, मी एक वाचलं. दुसऱ्या पानावर ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, मागे न घेता येणारे सर्व हक्क’ मी त्यांना दिले होते. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात १९०८ साली आलेलं तत्त्व असं की कलाकृती तयार झाली की हक्क आपोआप निर्माण होतो, कुठे नोंदवावा लागत नाही. बहुतेक ठिकाणी तो फोटो काढणाऱ्याचा असतो, नोकरीत किंवा वेगळा करार करून काढला नसेल तर. एवढा आयता मिळालेला हक्क मी एका बॉलपेनने देऊन टाकला.

चौथा शूट झाला, पाचवा झाला, सातवाही झाला. मानधनाचं विचारलं की ‘अकाउंट्सकडे आहे’. मग एक दिवस आनंदाची बातमी आली: तुमची सीरिज एका मासिकाने निवडली आहे, फक्त पानांचं शुल्क तुमच्या वाट्याचं तुम्ही भरा, मानधनातून वळतं करू. मी भरलं. मासिक निघालं, खोटं नव्हतं. पण त्यात पैसे भरणारा प्रत्येक जण ‘निवडला’ जात होता. चांगल्या मासिकांतही संपादकीय पानांचं मानधन तुटपुंजं किंवा शून्य असतं हे खरं आहे. पण तिथे संपादक काम ठरवतो, स्टायलिस्टला डिझायनरकडून कपडे मिळावेत म्हणून स्वतःच्या लेटरहेडवर पत्र देतो. उलट दिशेने पैसे मागत नाही. त्यानंतर फोन उचलणं बंद झालं. माझी गोष्ट इथे संपली, असं मला वाटलं होतं.

मग तो मेसेज आला. माझं नाव तिने मासिकातल्या पानावरून शोधलं होतं. मी तिला विचारलं, कसले पैसे? तिने यादी पाठवली. नोंदणी शुल्क. ग्रूमिंग शुल्क. आणि सगळ्यात मोठा आकडा होता ‘नामांकित महिला फोटोग्राफरचे मानधन’.

म्हणजे माझं. ज्यातला एक पैसाही मी कधी पाहिला नाही.

तिच्या आईशी बोलले. बाईंनी आधी मला चांगलंच सुनावलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. मग हळूहळू सांगितलं. त्यांचं मन तयार नव्हतं. अनोळखी लोक, बंद खोली, मुलगी नुकतीच एकोणीस वर्षांची. तेव्हा तो माणूस म्हणाला होता, ‘बाई फोटोग्राफर आहे, काळजी नको.’ आणि त्यांना माझा फोटो दाखवला होता, हातात कॅमेरा घेतलेला. मी नसते तर त्यांनी पैसे भरले नसते.

हा धंदा चालतो कसा, ते तेव्हा कुठे लक्षात आलं. खरी एजन्सी मॉडेलला काम मिळालं की त्यातून कमिशन घेते. मॉडेलला काम नाही तर एजन्सीलाही काही नाही. म्हणून ती मोजक्याच मुली घेते आणि बऱ्याच जणींना नाही म्हणते. इथे कमाई कामातून नव्हतीच, दारात आलेल्या मुलीकडून होती. त्यामुळे नाही कुणालाच म्हणायचं नाही. उंची मोजायची नाही, कारण मोजली तर परत पाठवावं लागेल. आणि अल्बम जाडजूड हवा, कारण पैसे अल्बमचे घेतलेत. अशा ठिकाणी फोटोग्राफर नवखा असला तरच बरा. तो फुकट येतो, कामाला हपापलेला असतो आणि स्वतःच्या फोटोंवर इतका खूश असतो की आजूबाजूला बघत नाही.

एक गोष्ट नशिबाने हाती लागली. माझं एक कार्ड मध्येच एरर देऊ लागलं होतं म्हणून मी ते बाजूला टाकलं होतं. कार्ड फॉरमॅट केलं तरी फोटो बहुधा लगेच पुसले जात नाहीत, फक्त त्यांची अनुक्रमणिका पुसली जाते. वर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत मूळ माहिती तशीच पडून असते. रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं आणि दोन शूटच्या बऱ्याचशा रॉ फाइल्स वर आल्या. प्रत्येकीत तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा सिरियल नंबर आणि मी कधीतरी हौसेने मेनूत भरून ठेवलेलं माझं नाव होतं. त्या फाइल्स, मुलींच्या पावत्या आणि माझे मेसेज असं सगळं घेऊन आम्ही चौघी पोलिसांत गेलो. तक्रार घेतली गेली. खोली तासावर भाड्याने घेतलेली निघाली, फोन बंद, वेबसाइट गायब. वेबसाइटवरच्या ‘आमच्या मॉडेल्स’चे मी काढून ठेवलेले स्क्रीनशॉट इमेज सर्चमध्ये टाकून पाहिले, तर तेच चेहरे दुसऱ्याच एजन्सींच्या पानांवर होते. दोन मिनिटांचं काम, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आता मी कार्ड कुणाच्या हातात देत नाही. कागद घरी आणून वाचते. एजन्सीने सांगितलेल्या मॉडेलपैकी एकीशी तरी स्वतः बोलून घेते. आणि शूट सुरू करायच्या आधी समोरच्या मुलीला सगळ्यांदेखत विचारते, ‘इथे उभं राहायचे तू कुणाला पैसे दिलेस का?’ एकदा या प्रश्नावर एका संयोजकाने मला तिथल्या तिथे निरोप दिला. बॅग उचलून घरी आले.

कार्डावरून परत मिळालेले फोटो अकरा मुलींचे होते. सात जणींचा पत्ता लागला, त्यांना मी फोटो व्यवस्थित करून पाठवले. ती १५५ सेंटीमीटरवाली मुलगी स्वतः भेटायला आली. तिचे मी नव्याने डिजिटल्स काढले, खिडकीजवळ, साध्या भिंतीपुढे. रॅम्पवर तुझी उंची आड येईल, पण चेहऱ्याच्या, दागिन्यांच्या, जाहिरातींच्या कामात तेवढी येणार नाही, हेही सांगितलं. तिने फोटो पाहिले, फोन पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, ‘हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं ना?’

मी हो म्हणाले.