आउटगोइंग मेल चालू करून देतो म्हणाला आणि गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन गेला

जीमेलचा आउटगोइंग मेल जात नाहीये आणि कोणी फोनवर "एसएमटीपी ॲक्टिव्हेशन"चे पैसे मागतोय, तर आधी फोन ठेवा, बाकीचं नंतर वाचा. एसएमटीपी ही नुसती मेल पाठवायची पद्धत, तिचं असं कुठलं ॲक्टिव्हेशन नसतंच. फुकटच्या जीमेलला फोनवर बोलणारं कस्टमर केअरसुद्धा नसतं, त्यामुळे सर्च करून जो नंबर मिळतो तो दुसऱ्याच कुणाचा तरी असतो.

आमच्या काकांची सांगलीला मार्केट यार्डात हळदीची पेढी आहे. गिऱ्हाईक बरंचसं गुजरात-राजस्थानकडचं, त्यामुळे बिलं, बँक डिटेल्स, ट्रकची बिल्टी सगळं मेलवरच. मागच्या सीझनला ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, त्यावर टॅली टाकलं, आणि टॅलीतून बिल मेल करायला गेलं की ५३५ नंबरचा एरर, युजरनेम पासवर्ड चालत नाही म्हणे. पासवर्ड तर बरोबर होता, ब्राउझरमध्ये त्याच पासवर्डने मेल उघडत होता. ऐन सीझन, यार्डात सौदे चालू, आणि दिवाणजी प्रत्येक बिलाची पीडीएफ काढून हाताने जोडत बसलेले. काकांनी सर्च केलं, सगळ्यात वर जाहिरातीत मेल सपोर्टचा नंबर होता, तो लावला.

समोरचा माणूस एकदम गोड. हिंदीत बोलायचा, मधेच "दादा, टेन्शन मत लो". त्याने काकांना सांगितलं की फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने नियम कडक केलेत, तुमचं एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्याच पत्त्यावरून आलाय हे ओळखायच्या खुणा) झालेलं नाही म्हणून तुमचे मेल ब्लॉक होतायत, एसएमटीपीचं लायसन्स घ्यावं लागेल, ७,५०० अधिक जीएसटी म्हणजे ८,८५० रुपये.

आता यातली गंमत बघा, नियमाची गोष्ट खरी आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि त्याच जातीचं डीमार्क हे सगळं लागतं, आणि कमी पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी पाहिजे. पण ते सगळं ज्याचं डोमेन (मेलच्या पत्त्यात @ च्या पुढचा भाग) आहे त्याने त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या इंटरनेटवरच्या नोंदीत करायचं असतं. ज्याचा पत्ताच जीमेल डॉट कॉमने संपतो त्याच्यासाठी ते गूगलनेच करून ठेवलेलं आहे, आपल्याला तिथे हात लावायलाही जागा नाही. आणि तुमचं स्वतःचं डोमेन असलं तरी ही एंट्री टाकायला तुमच्या मेलचा पासवर्ड लागत नाही. पण यार्डात बसलेल्या माणसाला हे कुठून माहीत असणार, त्यात बातमीत वाचलेलं काहीतरी नाव समोरचा घेतोय म्हटल्यावर विश्वास बसतोच.

मग त्याने स्क्रीन शेअरचं ॲप (ज्यातून समोरच्याला आपला कॉम्प्युटर चालवता येतो) टाकायला लावलं, त्यातला नंबर विचारला, आणि "सर्व्हर अपडेट चालू आहे" म्हणून स्क्रीन काळी केली. थोड्या वेळाने टॅलीतून मेल गेला. खरंच गेला! काकांनी खुशीत पैसे पाठवले, बिलही आलं. ते बिल नंतर मी बघितलं, पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा. ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा २७ असतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर तिसऱ्याच कुठल्या तरी कपड्याच्या दुकानाचा निघाला.

काळ्या स्क्रीनमागे त्याने केलं काय, तर दोन मिनिटांचं काम. ३० मे २०२२ पासून गूगल असल्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा पासवर्ड घेत नाही. टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग गूगल अकाउंटमध्ये ॲप पासवर्ड तयार करायचा, १६ अक्षरांचा असतो, तो सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, पोर्ट ५८७ असेल तर टीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल. संपलं, एक रुपया लागत नाही. थंडरबर्डसारखं मेलचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही नको, त्यात ओऑथ निवडलं की गूगलचीच लॉगिन खिडकी उघडते.

पण त्याने ॲप पासवर्ड दोन बनवले होते. एक टॅलीचा, आणि दुसऱ्याला नाव दिलं "प्रिंटर". आमच्या प्रिंटरला धड दोन्ही बाजूंनी छापता येत नाही, तो कुठला मेल पाठवतोय! हा दुसरा त्याने स्वतःकडे ठेवला. ॲप पासवर्डला ओटीपी लागत नाही, आणि त्याने मेल नुसता पाठवता येतो असं नाही, सगळा वाचताही येतो. म्हणजे हा माणूस तिकडे बसून आमचा कोण गिऱ्हाईक, कुणाकडे किती येणं आहे, कोण कधी देतो, सगळं आरामात वाचत होता.

मग राजकोटच्या एका जुन्या पार्टीला मेल गेला. आधीच्याच बोलण्याला रिप्लाय, आमचंच बिल, आमचाच लेटरहेड, फक्त खात्याचा नंबर आणि आयएफएससी वेगळा, खाली एक ओळ की ऑडिट चालू असल्यामुळे या खात्यावर पाठवा. त्यांनी २ लाख ६० हजार पाठवले. त्यांचा काय दोष, मेल खरोखर आमच्याच अकाउंटवरून गेला होता, व्यवस्थित लॉगिन करून, तपासला तर एसपीएफ पास, डीकेआयएम पास. स्पॅममध्ये जायचं कारणच नव्हतं. त्यांनी पैसे पाठवल्याचा यूटीआर (बँकेचा व्यवहार नंबर) मेल केला तो काकांना दिसलाच नाही, कारण जीमेलमध्ये फिल्टर लावून ठेवलेला, "यूटीआर", "आरटीजीएस", "पेमेंट" असा शब्द असलेला मेल इनबॉक्सला न येता थेट ट्रॅशमध्ये. शेवटी काकांनी पैशासाठी फोन केला तेव्हा ते म्हणाले, शेठ, पैसे तर कधीच पाठवले की.

मला फोन आला तेव्हा मी पहिलं त्या कॉम्प्युटरचं नेट काढायला लावलं आणि राजकोटवाल्यांना १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कॉल करायला सांगितलं. पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याने तक्रार केलेली बरी, यूटीआर आणि बँकेचे डिटेल्स त्याच्याच हाताशी असतात, आणि पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत होल्ड लागला तरच हाती काही लागतं. आमच्या केसमध्ये ७० हजारांच्या आसपास होल्ड झालेत, बाकीचे तोपर्यंत काढलेले. काकांनी ८,८५० ची आणि अकाउंटच्या गैरवापराची वेगळी तक्रार सायबर क्राइमच्या पोर्टलवर टाकली.

मेलच्या बाबतीत एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. गूगलचा पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात, पण फिल्टर आणि फॉरवर्डिंग जागच्या जागी राहतं. म्हणजे चोर बाहेर गेला तरी तुमचे मेल ट्रॅशमध्ये पडतच राहणार. सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर, फॉरवर्डिंग, रिकव्हरीचा फोन नंबर, कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे, हे सगळं एकेक बघावं लागतं. आम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ते केलं आणि ऑफिसचा फॉरमॅट मारला.

बँक खातं बदललंय असा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन करूनच पैसे सोडा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. एनईएफटी, आरटीजीएसला आता पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय आरबीआयने बँकांना करायला लावलीय, ते नाव वाचा तरी. राजकोटचं पेमेंट ज्या खात्यात गेलं ते कुठल्या पेढीचं नव्हतंच, एका माणसाच्या नावावरचं सेव्हिंग खातं होतं.

राजकोटवाल्यांशी काकांचा पंचवीस-तीस वर्षांचा व्यवहार, त्यामुळे नुकसान अर्धं अर्धं वाटून घ्यायचं ठरलंय, पण पुढचा माल रोखीनेच असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आणि हो, तक्रार केल्यावर लगेच काकांना एक कॉल आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे रिलीज झालेत, एक ॲप टाकून घ्या". ॲप तेच, स्क्रीन शेअरचं. या वेळी फोन काकूंनी घेतला होता. तो नंबरसुद्धा आता तक्रारीला जोडलाय.