विद्यापीठात पीआरची इंटर्नशिप: सरकारी की खासगी?

भाचीच्या हातात दोन पत्रं आहेत. एक सरकारी विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागाचं, दुसरं खासगी विद्यापीठाच्या ‘ब्रँड अँड कम्युनिकेशन’ टीमचं. पोरगी पत्रकारितेच्या एमएला आहे आणि दुसऱ्या सेमिस्टरचं ऑन जॉब ट्रेनिंग तोंडावर आलंय. ‘तू तं दोन्हीकडं काम केलं न मावशी, आता सांगून दे कुठं जाऊ ते,’ असा तिचा फोन. एका दमात उत्तर देता येईना, म्हणून लिहायलाच बसले. नागपुरात हाच प्रश्न पडलेली ती काही एकटी नसेल.

दोन्हीकडची सकाळ वेगळी असते. सरकारी विद्यापीठात दिवस कात्रणांनी उघडतो. मराठीत लोकमत, तरुण भारत, लोकसत्ता, सकाळ, हिंदीत लोकमत समाचार, नवभारत, दैनिक भास्कर, इंग्रजीत हितवाद. विद्यापीठाचं नाव दिसलं की कापायचं, कोऱ्या कागदावर चिकटवायचं, वर पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक लिहायचा आणि फाइल कुलगुरूंकडे, कुलसचिवांकडे पाठवायची. पहिला महिना मी दुसरं काही केलंच नाही. बोटांना डिंक, नखांत शाई. घरी म्हणायचे, एवढं शिकून कात्र्या चालवते. पण महिन्याभरात मला तोंडपाठ झालं होतं की कोणता पेपर निकालाच्या घोळाला पहिलं पान देतो, कोण चर्चासत्राची बातमी दोन ओळींत संपवतो आणि कोण पाहुण्यांच्या फोटोशिवाय बातमी लावतच नाही. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

खासगीकडे कात्रणं दुपारपर्यंत एजन्सीकडून पीडीएफमध्ये येतात. सकाळ जाते ती काल टाकलेल्या रीलला किती जणांनी पाहिलं आणि त्यातून प्रवेशाची चौकशी किती जणांनी केली, हे पाहण्यात. चौकशीला तिथं ‘लीड’ म्हणतात. पहिल्याच आठवड्यात हातात कॅमेरा येतो, कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपवर पोस्टर करायला देतात, कार्यक्रमात माइकही पुढे करतात. हातात दाखवण्यासारखं काहीतरी लवकर हवं असेल, तर इथं दोन आठवड्यांत पोर्टफोलिओ उभा राहतो. सरकारीत माझ्या नावावर दाखवण्यासारखी पहिली गोष्ट जमायला दोन महिने लागले.

आता प्रेस नोट. हा भाग मी जरा ताणणार आहे, कारण नागपूरची गंमत त्यातच आहे. पुण्यात मराठी आणि इंग्रजीवर बरंच भागत असेल, इथं हिंदी पेपरांना वगळून चालत नाही. एकच बातमी तीन भाषांत जाते आणि पदांची नावं तिथंच गोत्यात आणतात. मराठीत व्हाइस चान्सलर म्हणजे कुलगुरू, चान्सलर म्हणजे कुलपती. हिंदीत परंपरेने व्हाइस चान्सलरला कुलपति म्हणतात आणि चान्सलरला कुलाधिपति. राज्याच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत कुलपती म्हणजे राज्यपाल. घाईत मराठी नोट हिंदीत करताना ‘कुलपती’ तसंच ठेवलं की राज्यपाल एका पायरीने खाली येतात. मी ठेवलं होतं. विभागातल्या बाबूंनी पाठवायच्या आधी पेन्सिलने गोल केला आणि एवढंच म्हणाले, ‘मॅडम, राजभवनातून फोन आला असता न.’ (शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये हिंदीतही ‘कुलगुरु’ हेच पदनाम घेतलं, म्हणजे आता गोंधळ आणखी वाढला.)

खासगी विद्यापीठात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथं कुलपती बहुतेकदा ज्यांनी संस्था उभी केली त्यांच्यापैकीच कोणी असतात. नावांचा क्रम चुकला तर फोन राज्यपालांकडून येत नाही, वरच्या मजल्यावरून येतो, आणि जास्त लवकर येतो.

फॉन्टचंही सांगून ठेवते. सरकारी कचेऱ्यांत अजून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टात, टाइप केलेला मजकूर सापडतो. तो युनिकोडमध्ये आणला की रफार उडतात, ‘ऱ्या’ची चाळण होते. ‘मार्गदर्शन’ हा शब्द ‘मागदशन’ होऊन छापून आलेला मी पाहिलाय. मजकूर बदलून झाला की एकेक ओळ मोठ्याने वाचायची, दुसरा उपाय नाही. खासगीत हा त्रास जवळजवळ नाही, पण मराठीही जवळजवळ नाही. नोट इंग्रजीत होते आणि मराठी नंतर कोणाकडून तरी ‘करून घेतात’. तुमचं मराठी चांगलं असेल तर तो ‘कोणीतरी’ तुम्हीच व्हाल आणि टीममध्ये तेच तुमचं वजन ठरेल.

संकट आलं की दोन्हीकडचा फरक खरा दिसतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचंच घ्या: १९२३ चं विद्यापीठ. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठाकडे गेले, तरी नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया असे चार जिल्हे उरलेच. एवढ्या मोठ्या पसाऱ्याच्या सार्वजनिक विद्यापीठात निकाल लांबला, पेपर पुढे ढकलला, की देवरीच्या पोराचाही फोन येतो आणि पत्रकाराचाही. शिवाय लोक जनसंपर्क अधिकारी आणि जन माहिती अधिकारी यांत गल्लत करतात. माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन माणूस तुमच्या टेबलाशी उभा राहतो आणि तो परत पाठवताना उत्तराची तीस दिवसांची मुदत त्याला तुमच्यापेक्षा चांगली माहीत असते. या सगळ्यात उत्तर द्यायचा अधिकार इंटर्नला नसतो. पण ‘माहिती घेऊन कळवते’ हे वाक्य खोटं न वाटता कसं म्हणायचं, ते तिथंच शिकायला मिळतं.

खासगीत फोन पालकांचे असतात आणि प्रश्न ठरलेले: फी किती, हॉस्टेल कसं, पॅकेज किती. पॅकेजवरच माझं एकदा वाजलं. रीलसाठी सर्वाधिक पॅकेजचा आकडा दिला होता. मी विचारलं, हे एकाच मुलाचं आहे, सरासरी किती? उत्तर आलं, ‘ते नको, हे टाक.’ मी टाकलं. अजूनही बरं वाटत नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर निदान ऑफर लेटर पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

सरकारीचीही बाजू काही सोज्वळ नाही. एका कार्यक्रमाची माझी नोट चार वाजता तयार होती. सही करणारे साहेब मीटिंगमधून साडेसहाला आले. दुसऱ्या दिवशी एकाही पेपरात ओळ नाही. त्यानंतर दर कार्यक्रमाची अर्धी नोट मी आदल्या दिवशीच सहीला ठेवू लागले, फक्त भाषणातली वाक्यं भरायची बाकी ठेवून. ही सवय खासगीतही कामाला आली.

पैशाचं थोडक्यात. मला सरकारीत प्रमाणपत्र मिळालं, खासगीत प्रमाणपत्र आणि पेट्रोलपुरते पैसे. किती देणार ते रुजू होण्याआधी मेलवर लिहून घ्या. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं, हे ऐकून पुष्कळ जण विचारतात; पण ती शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी नाही, तेव्हा भाचीच्या कामाची नाही.

जाण्यायेण्याचा हिशोब नकाशावर करू नका, मेच्या उन्हात करा. नागपूर विद्यापीठाचा अमरावती रोडचा परिसर म्हणजे शहरातच, शेअर ऑटोने जमतं. खासगीपैकी सिम्बायोसिस वाठोड्याला, रामदेवबाबा काटोल रोडला. अर्थात सरकारी म्हणजे जवळ असंही नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठ पार बुटीबोरीकडे वारंग्याला आहे. पंचेचाळीस डिग्रीत दुपट्टा बांधून गाडी हाकायची आणि पोचल्यावर हसऱ्या चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, हे रोज जमणार आहे का बघा.

सगळ्यात मोठा मुद्दा मात्र हंगामाचा आहे, आणि तो कोणी विचारात घेत नाही. खासगीकडे खरं काम बारावीच्या निकालापासून प्रवेश संपेपर्यंत असतं. सरकारीत काय पाहायला मिळेल ते तिथल्या दिनदर्शिकेवर. नागपूर विद्यापीठात जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, त्याच वर्षी २ डिसेंबरला १११ व्या दीक्षान्त समारंभाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या. अशा वेळी पत्रकारांचे पास, बसायची जागा, फोटोंची वाटणी हे जवळून पाहणारा इंटर्न आणि उन्हाळ्यात रिकाम्या कॉरिडॉरमध्ये कात्रणं चिकटवणारा इंटर्न, दोघांचं प्रमाणपत्र सारखंच दिसतं.

भाचीचं ट्रेनिंग चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तासांचं. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. एवढ्यात सरकारी विभाग तुमचं नावसुद्धा पाठ करत नाही. म्हणून तिला सांगितलं: मे-जूनमध्ये खासगीत जा, रील्स कर, मराठी नोटा स्वतःकडे ओढून घे. सरकारीचं पत्र मात्र फेकू नको. दिवाळीनंतर तीन-चार महिने देता येतील का, ते त्यांना आत्ताच विचार. अर्ज मराठीत, युनिकोडमध्ये, कुलसचिवांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत. आवक क्रमांक पडला की त्याचा फोटो काढून ठेव.