आय५-१२६००के, ओव्हरक्लॉक आणि नाशिकचा उन्हाळा: आठ महिने वापरल्यानंतर

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. सिडकोत घराच्या वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली आहे. डोक्यावर थेट स्लॅब, पश्चिमेला खिडकी, एसी नाही. खोलीचं हे वर्णन आधीच करतो, कारण पुढे जे घडलं त्यात प्रोसेसरइतकाच या खोलीचा वाटा आहे.

तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो, म्हणून त्याच्या आदल्या आठवड्यात नवीन पीसी जोडून घेतला. इंटेल आय५-१२६००के प्रोसेसर, झेड६९० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा टॉवर कूलर आणि पुढे काच असलेली कॅबिनेट. नावातला ‘के’ आणि झेड मालिकेचा बोर्ड मुद्दाम घेतला. ही जोडी नसेल तर मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक, ५१ म्हणजे ५.१ गिगाहर्ट्झ) वाढवता येत नाही, म्हणजे ओव्हरक्लॉक, ठरवून दिलेल्या वेगापेक्षा चिप जास्त पळवणं, जमत नाही. या चिपमध्ये ६ मोठे आणि ४ छोटे कोअर आहेत. एकाच कोअरवर काम असेल तर ती ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत जाते, पण सहाही मोठे कोअर कामाला लागले की ४.५ वर थांबते. मला ते ४.५ खटकत होतं.

डिसेंबरात मल्टिप्लायर ५१ केला, म्हणजे सगळे मोठे कोअर ५.१ वर. छोटे कोअर ३.६ वरून ३.९ वर नेले. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडलं. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंच ही चाचणी १० मिनिटं चालवली, तापमान ८२ अंशांच्या वर गेलं नाही. दोन तासांच्या लग्नाचं एक्स्पोर्ट, म्हणजे एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल बनवणं, आधी ४० मिनिटं घ्यायचं, ते ३६ वर आलं. मी खूश होतो. निफाडला पारा किती घसरला हे तेव्हा रोज पेपरात येत होतं, माझ्या खोलीतही रात्री १८ अंश होते. त्या ८२ मध्ये या थंडीचा हात किती आहे, हा विचार मी केलाच नाही.

फेब्रुवारीत पहिली निळी स्क्रीन आली, म्हणजे विंडोज चालता चालता बंद पडलं, ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’. आठवड्याने दुसरी, ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’. दर वेळी एक्स्पोर्ट ८० टक्क्यांच्या पुढे गेलेलं असायचं. मी रॅमवर संशय घेतला. रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालवलं, एकही चूक निघाली नाही. मग एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) बंद केलं, ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलले, एका मित्राच्या सांगण्यावरून विंडोजही नव्याने टाकलं. चार दिवस गेले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी पहिल्या दिवसापासून पडून होत्या, त्या मी शेवटी उघडल्या. क्रमांक १९ म्हणजे चूक झाली पण प्रोसेसरने ती सावरली, १८ म्हणजे सावरता आली नाही. निळ्या स्क्रीनच्या आधी दोन-दोन दिवस १९ च्या रांगा लागलेल्या होत्या. तुमचा पीसी ओव्हरक्लॉक केलेला असेल आणि तो मध्येच पडत असेल, तर विंडोज उडवण्याआधी या नोंदी बघा. माझे चार दिवस तिथेच वाचले असते.

मग मी आणखी मोठी चूक केली. प्रोसेसरला व्होल्टेज कमी पडतंय असं वाचलं आणि बोर्ड स्वतःहून देत होता त्या १.३८ ऐवजी हाताने १.४० दिलं. दोन-तीन आठवडे शांततेत गेले. एप्रिल लागला, बाहेर पारा चाळिशीला टेकला, खोलीत दुपारी ३७ अंश. आता निळी स्क्रीन नव्हती, पण एक्स्पोर्टला ४४ मिनिटं लागायला लागली. म्हणजे ओव्हरक्लॉक न करता लागायची त्याहून चार जास्त! तापमान आणि वेग दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये पाहिलं तर तापमान १०० अंशांना चिकटलेलं आणि वेग ४.३ वर पडलेला. या चिपची मर्यादाच १०० अंश आहे. तिथे पोचली की ती जळत नाही, स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवते. त्याच आठवड्यात औरंगाबाद नाक्याकडच्या लॉन्सवरचं एक लग्न हातात होतं, आणि नवरीच्या वडिलांचा रोज फोन, “दादा, पेनड्राइव्ह कधी देताय?” वयाने माझ्या वडिलांएवढा माणूस, कधी आवाज चढवला नाही. त्यांना दोनदा पुढची तारीख द्यावी लागली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

इथे जे कळलं तेच या आठ महिन्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ४.९ वरून ५.१ केला तर भार जेमतेम ४ टक्के चढतो. त्यासाठी व्होल्टेज १.२४ वरून १.३८ केलं तर एकट्या त्यानेच जवळजवळ २४ टक्के. आणि चिप जितकी तापते, तितकं त्याच वेगाला स्थिर राहायला तिला व्होल्टेज जास्त लागतं. पडते म्हणून व्होल्टेज वाढवायचं, वाढवलं म्हणून तापते, तापली म्हणून परत पडते, या चक्रात मी दोन महिने फिरत होतो. खोलीच्या तापमानाचा हिशोब तर अगदी सरळ आहे. खोली १९ अंशांनी तापली की आतला आकडाही साधारण तेवढाच वर सरकतो. डिसेंबरच्या ८२ मध्ये १९ मिळवले की १०१ होतात. माझं ओव्हरक्लॉक एप्रिलमध्ये नापास होणार हे डिसेंबरातच ठरलेलं होतं.

दुरुस्तीची सुरुवात एम. जी. रोडवरच्या एका जुन्या कारागिराकडे झाली. मी सेटिंगचे आकडे सांगायला लागलो तर ते म्हणाले, “भाऊ, आकडे नंतर. आधी कूलर काढू.” कूलर निघाला तर चिपची उष्णता कूलरला पोचवणारी पेस्ट एका बाजूला दाबली गेलेली, दुसऱ्या बाजूला जाड थर तसाच. एक स्क्रू पूर्ण बसलेलाच नव्हता. पेस्ट पुसून नवी लावली आणि स्क्रू तिरके समोरासमोरचे, थोडे-थोडे करत आवळले. आमच्या गल्लीत बांधकाम चालू असल्याने कूलरच्या पट्ट्यांमध्ये सिमेंटच्या धुळीची चादर बसली होती, ती ब्लोअरने उडवली. घरी आल्यावर कॅबिनेटची पुढची काच काढून ठेवली. नुसत्या त्या काचेने ६ अंशांचा फरक पडला! पुढून हवा घ्यायला जागा नसेल तर मागचे पंखे तीच गरम हवा फिरवत बसतात. नाशिकसारख्या ठिकाणी एसीशिवाय काम करणार असाल तर जाळीच्या तोंडाचीच कॅबिनेट घ्या, काच दिसायला कितीही छान असो.

त्यानंतर बायोस (मदरबोर्डच्या सेटिंगचा भाग, वेग आणि व्होल्टेज तिथेच बदलतात) मूळ सेटिंगवर नेलं आणि दोन दिवस ओव्हरक्लॉक न करता काम केलं. मूळ अवस्थेतच पीसी पडत असेल तर दोष दुसरीकडे शोधावा लागला असता. तसा तो पडला नाही. मग एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. मल्टिप्लायर ४८ ला १.२० व्होल्ट पुरले. ४९ ला १.२४. ५० ला थेट १.३१ लागत होते, तिथे थांबलो. लोड-लाइन कॅलिब्रेशन मधल्या पायरीवर ठेवलं. भार आला की व्होल्टेज खाली झुकतं, ते सावरायला ही सोय असते, पण सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली तर भार उतरताना व्होल्टेज उसळी मारतं. चाचणीही बदलली. १० मिनिटांत कूलरचा धातू, कॅबिनेटमधली हवा आणि खोली पुरती तापतच नाही. आता दुपारी ३ वाजता, खिडकीवर ऊन असताना, खऱ्या लग्नाचं एक्स्पोर्ट सलग दोनदा लावतो. ते पार पडलं तरच आकडा वहीत पक्का होतो.

सध्या मोठे कोअर ४.९ वर आहेत, छोटे मूळ ३.६ वर. खोलीत ३६ अंश असताना कमाल तापमान ८२. एक्स्पोर्टला साडेसदतीस मिनिटं. म्हणजे ५.१ च्या तुलनेत दीड मिनिट गेलं, पण प्रोसेसर १९० वॅटऐवजी १५० च्या आत चालतो. आधी लाईट गेली की यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारायचा, ती बंद झाली. पंख्याचा आवाजही इतका उतरला की रात्री शेजारच्या खोलीत आई झोपलेली असताना दार उघडं ठेवता येतं.

चिप म्हणून १२६००के मला फार आवडली. एवढा त्रास सोसूनही ती धड आहे. पण मूळ वेगावरचं ४० मिनिटांचं एक्स्पोर्ट ज्याला चालतं, त्याने अडीच मिनिटांसाठी यात पडू नये. ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही, हेही धरून चाला. पडायचंच असेल तर व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नका.

जूनमध्ये एकदा १९ ची नोंद पुन्हा दिसली. निळी स्क्रीन नव्हती, एक्स्पोर्टही नीट झालं होतं, तरी व्होल्टेज १.२४ वरून १.२५ केलं आणि वहीत तारीख टाकली. त्यानंतर पाच आठवडे झाले, नोंद आलेली नाही.