अप्रेंटिस एस १५ई : पहिलं आरसी (रेडिओवर चालणारं) विमान म्हणून कसं आहे?

ई-फ्लाइटचं अप्रेंटिस एस १५ई हे फोमचं, धडाच्या वर पंख असलेलं, तीनचाकी शिकाऊ विमान आहे. पंखविस्तार १५०० मिलिमीटर, बॅटरीसकट वजन साधारण १.४ किलो, नाकावर ११×८ चा प्रॉप (पुढचा पंखा) आणि पोटात ३२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेची ३एस लायपो, म्हणजे तीन सेलची लिथियम बॅटरी. थ्रॉटल (मोटरचा वेग), एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे, विमान बाजूला झुकवणारे पट्टे), एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा, नाक वर-खाली करणारा पट्टा), रडर (उभ्या शेपटीचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा पट्टा) असे चारही चॅनल, म्हणजे रेडिओने चालवायच्या गोष्टी, आहेत. नवशिक्याला यातला पंखविस्ताराचा आकडा सगळ्यात उपयोगी पडतो. शंभर मीटरवर गेलेल्या छोट्या विमानाचा कुठला पंख खाली आहे हेच डोळ्याला कळत नाही, आणि ते कळलं नाही तर रेडिओवरची काडी कुठे न्यायची हेही कळत नाही. दीड मीटरचं विमान तिथेही वाचता येतं. याच घडणीची पुढची आवृत्ती अप्रेंटिस एसटीएस या नावाने येते. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं तिलाही लागू आहे.

आरटीएफ (रेडी-टू-फ्लाय) खोक्यात रेडिओसकट, म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरसकट, सगळं असतं. बीएनएफ (बाइंड-अँड-फ्लाय) खोक्यात रेडिओ नसतो. आपल्याकडचा रेडिओ स्पेक्ट्रम कंपनीच्या डीएसएमएक्स या सिग्नल-पद्धतीचा असेल, किंवा त्यात अनेक कंपन्यांच्या पद्धती चालवणारं मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल असेल, तरच बीएनएफ घ्या. काहीच नसेल तर आरटीएफ घेतलेलं बरं, कारण त्यातला रेडिओ विमानाशी जोडलेला आणि उड्डाणाचे मोड बदलायच्या स्विचसकट तयार मिळतो.

जोडणीला संध्याकाळ पुरते. पंखाचे दोन भाग नळीवरून सरकवून एकत्र आणायचे, शेपटीचे आडवे-उभे भाग बसवायचे, पुशरॉडचे (हलते पट्टे ओढणाऱ्या तारांचे) क्लेव्हिस, म्हणजे टोकाचे चिमटे, पट्ट्यांवरच्या भोकं असलेल्या हॉर्नमध्ये अडकवायचे, पुढचं चाक लावायचं. घाई करू नये अशा जागा दोनच. पहिली पंखाचा मधला सांधा : तो पूर्ण मिटला पाहिजे, फट राहिली तर एक पंख किंचित वेगळ्या कोनात बसतो आणि विमान कायम एका बाजूला ओढतं. दुसरी शेपूट : मागे उभं राहून पाहिलं की आडवी शेपूट पंखाला समांतर आणि उभी तिच्याशी काटकोनात दिसली पाहिजे. हे तिरपं राहिलं तर रेडिओवरचं ट्रिम (विमानाचा कल दुरुस्त करायची सोय) कितीही फिरवलं तरी विमान सरळ जात नाही.

पंख धडावर रबरबँडने बांधला जातो. स्क्रूची सवय असलेल्यांना ही रचना जुनाट वाटते, पण या विमानातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. पंखाचं टोक जमिनीला लागलं की बँड ताणले जातात, पंख सरकतो आणि धड फाटत नाही. किमान आठ बँड लावा आणि शेवटचे दोन फुलीसारखे तिरपे घ्या, म्हणजे सरळ लावलेले निसटत नाहीत. उन्हाने बँडला बारीक भेगा पडतात. बोटांत ताणून बघा, भेग दिसली की फेकून द्या. पंख दर वेळी काढावा लागतो, म्हणून एलेरॉनची वायरही दर वेळी जोडावी लागते. ती अर्धवट बसणं, किंवा बँड लावताना पंखाखाली दबून ओढली जाणं, हा इथला नेहमीचा घोटाळा आहे.

गुरुत्वमध्य बॅटरी आत ठेवूनच तपासायचा. मॅन्युअलमधलं अंतर पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजून दोन्ही बाजूंना खूण करा, तिथे बोटांच्या टोकांवर विमान तोला. ते सपाट किंवा नाक किंचित खाली असं राहिलं पाहिजे. शेपूट जड असेल तर एलिव्हेटर जरा हलवला तरी नाक उसळतं. या विमानातला जायरो, म्हणजे कल ओळखून विमान आपोआप सावरणारा सेन्सर, ते उसळणं बराच काळ झाकून ठेवतो आणि वेग कमी झाला की एकदम हात सोडतो. बॅटरी वेल्क्रोच्या पट्ट्याने घट्ट आवळा. चढताना ती दोन सेंटिमीटर मागे सरकली तरी मोजलेला गुरुत्वमध्य राहत नाही.

आता दिशांची तपासणी. ती प्रॉप काढून करायची, आणि विमानाच्या मागे उभं राहून. काडी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. काडी आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडर उजवीकडे दिला की रडर आणि पुढचं चाक दोन्ही उजवीकडे. मग जायरोची पाळी. शिकाऊ मोडमध्ये, म्हणजे जायरो सगळ्यात जास्त मदत करतो त्या मोडमध्ये, विमान हातात धरून नाक वर केलं की एलिव्हेटर आपोआप खाली गेला पाहिजे. डावा पंख खाली झुकवला की डावा एलेरॉन खाली, उजवा वर. थ्रॉटल एकदा वर नेल्याशिवाय जायरो जागा होत नसेल तर तसं करा, प्रॉप काढायला सांगितलं ते त्यासाठीच. काड्यांच्या दिशा बरोबर आणि जायरोची उलटी असेल, तर विमान जमिनीवर निर्दोष वाटतं आणि चाकं सुटताच उलटतं.

बॅटरी जोडताना विमान सपाट जमिनीवर, अजिबात न हलवता ठेवायचं. त्या काही सेकंदांत जायरो स्वतःची सरळ स्थिती ठरवतो. मांडीवर किंवा वाऱ्याने डुलत्या टेबलावर जोडलं तर तो वाकडीलाच सरळ समजतो. त्यानंतर रेडिओच्या रेंज-चेकमध्ये (सिग्नल मुद्दाम कमी करून घ्यायच्या चाचणीत) ३० पावलं, म्हणजे सुमारे २८ मीटर, दूर जाऊन सगळी नियंत्रणं हलतात का ते पाहा.

या विमानाची ख्याती त्याच्या सेफ या जायरोवर चालणाऱ्या मदतीच्या प्रणालीमुळे आहे. मोड तीन. शिकाऊ मोडमध्ये झुकण्याचा आणि नाक वर-खाली होण्याचा कोन मर्यादित असतो आणि काड्या सोडल्या की विमान स्वतः सरळ होतं. मधल्या मोडमध्ये कोनाला सैल मर्यादा आहे, पण आपोआप सरळ होणं नाही. तिसऱ्यात मर्यादा नाही, जायरो फक्त वाऱ्याचे धक्के शोषतो. शिवाय पॅनिक बटण : दाबून धरलं की विमान सरळ-सपाट होतं. पुरेशी उंची हातात असेल तरच त्याचा उपयोग, झाडाच्या शेंड्याइतक्या उंचीवर नाही.

इथे माझं मत बहुतेक खोक्यांवर लिहिलेल्याहून वेगळं आहे. शिकाऊ मोड विमान वाचवतो, पण वळण चुकीचं शिकवतो. त्यात वळताना काडी शेवटपर्यंत धरून ठेवावी लागते, सोडली की वळण संपतं. खरं वळण असं नसतं. काडीने विमान झुकवायचं, काडी मध्यावर आणायची, एलिव्हेटर थोडा ओढून उंची राखायची आणि सरळ होण्यासाठी उलट काडी द्यायची. शिकाऊ मोडमध्ये पन्नास उड्डाणं केलेला माणूस मधल्या मोडवर आला की काडी धरूनच ठेवतो आणि विमान तिथल्या सैल मर्यादेपर्यंत झुकतच जातं. म्हणून पहिल्या चार-पाच बॅटऱ्या शिकाऊ मोडमध्ये पुरेत. सरळ रेषेत येणं-जाणं जमलं की चांगल्या उंचीवर, म्हणजे ६०-७० मीटरवर, मधला मोड लावा आणि दोन्ही दिशांनी आठचा आकडा काढा. उतरताना वाटलं तर पुन्हा शिकाऊ मोड.

एलिव्हेटर का ओढायचा, तेही समजून घ्या. ४५ अंश झुकलेल्या, उंची राखणाऱ्या वळणात पंखाला १.४ पट भार उचलावा लागतो आणि ज्या वेगाला विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल तुटते, तो वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. हळू उडत असताना घट्ट वळण घेतलं की एक पंख अचानक पडतो, ते यामुळे. नवशिक्याने ३० अंशांपलीकडे झुकूच नये.

विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं वाटतं, आणि बहुतेक पहिली विमानं त्याच क्षणी पडतात. उपाय सोपा आहे : जो पंख खाली दिसतोय त्याच्या बाजूला काडी न्या, जणू खालून टेकू देताय. विमान सरळ होतं.

उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करायचं, वारा ताशी १० किलोमीटरच्या आत असताना. थ्रॉटल सावकाश, दोन-तीन सेकंदांत पुढे. पूर्ण थ्रॉटलला विमान डावीकडे ओढतं, त्याला उजव्या रडरने आवरायचं. या मोटरची ताकद गरजेपेक्षा जास्त आहे. उंची गाठली की निम्म्या थ्रॉटलवर आणा, नाहीतर विमान चढतच राहतं आणि नवखा माणूस काडी पुढे दाबून त्याच्याशी झगडत बसतो. उतरताना खाली येणं थ्रॉटलने ठरवायचं, वेग नाकाच्या कोनाने. जमिनीपासून अर्ध्या मीटरवर थ्रॉटल शून्य करून एलिव्हेटर हलका ओढला की मागची दोन चाकं आधी टेकतात. ती आधी टेकली नाहीत तर पुढच्या चाकाची तार वाकते. विमानाची खरी कमजोरी तिथेच आहे. तार पकडीने सरळ करता येते, पण चाक किंचित तिरपं राहिलं की पुढचं उड्डाण धावपट्टीबाहेर जातं. उंच गवतात चाकं अडकतात. तिथे जोडीदाराने हाताने सोडावं, नाक सपाट ठेवून, वर न फेकता.

बॅटरीसाठी पहिला टायमर ७ मिनिटांचा लावा. उतरल्यावर चार्जरने किती एमएएच भरले ते पाहा. समजा १६०० भरले, तर मिनिटाला सुमारे २३० खर्च झाले. क्षमतेच्या ८० टक्के, म्हणजे २५६० एमएएच, हीच मर्यादा; त्या हिशेबाने ११ मिनिटं मिळतात, टायमर ९ वर ठेवा. चार्जिंग ३.२ अँपिअरने, डोळ्यांसमोर. आठवडाभर उडवणार नसाल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, पूर्ण भरलेली ठेवली तर ती फुगते.

ट्रिमबद्दल एक सूचना : शिकाऊ मोडमध्ये ट्रिम करू नका, जायरो खरा कल दाखवत नाही. मधल्या किंवा तिसऱ्या मोडमध्ये सरळ उडवून ट्रिम ठरवा, उतरून क्लेव्हिस फिरवून तेवढाच बदल पुशरॉडमध्ये करा आणि रेडिओचं ट्रिम मध्यावर आणा.

फोम तुटला तर साधा सीए (सुपरग्लू), इपॉक्सी किंवा हॉट ग्लू, काहीही चालतं. विमानाबरोबरच दोन ११×८ प्रॉप, पुढच्या चाकाची एक तार, दुसरी ईसी३ कनेक्टरची ३एस बॅटरी आणि रबरबँडचं एक पाकीट मागवा. प्रॉपला चरा जरी पडला तरी बदला, कारण असमतोल प्रॉपच्या थरथरीने जायरोची नोंदच बिघडते.