रेख्ता: आजोबांच्या वहीसाठी

आमचे आजोबा परभणीचे. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, त्यामुळे हिशेबाची वहीही उर्दूतच. ते गेल्यावर घरात ती वाचणारं कुणी उरलं नाही. म्हणून मी रेख्ता या उर्दू शायरीच्या संकेतस्थळावर रोज रात्री बसायला लागले.

२०१३ साली सुरू झालेलं हे संकेतस्थळ एकच गझल उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत दाखवतं. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर. शायर सिराज औरंगाबादी, आपल्या मराठवाड्याचेच, त्यांची ओळ आधी देवनागरीत वाचायची, मग लिपी बदलून तीच उजवीकडून शोधायची. बे, पे, ते या अक्षरांचा आकार एकच. खाली एक नुक्ता, म्हणजे टिंब, खाली तीन, वर दोन. एवढं डोळ्यांत बसायला मला महिना लागला. पैसा एकही लागला नाही.

हाताचं अक्षर लावायला मात्र माणूसच हवा. गल्लीतल्या निवृत्त उर्दू शिक्षिका माझ्याजवळ बसल्या. उर्दू एका धर्माची म्हणणाऱ्यांना ही वही जरूर दाखवावी. परवा पहिलं पान लागलं: जमा, वसूल, बाकी. तिन्ही शब्द आईला न सांगताच कळले.