वाचनाच्या नोंदी: वहीत की अ‍ॅपवर?

वर्षभरात काय वाचलं आणि ते कसं वाटलं, हे लिहून कुठे ठेवावं? वर्ष सरत आलं की ओळखीतलं कुणी ना कुणी हे विचारतंच. मी काही वर्षं अ‍ॅपवर नोंदी केल्या, आता वहीत करतो. दोन्हींचा पुरेसा अनुभव घेऊन झाला आहे, म्हणून हे लिहितोय.

पुस्तकावरचा बारकोड स्कॅन करून ते यादीत घालायचं, त्याला तारे द्यायचे, वर्षात किती पुस्तकं वाचायची याचं उद्दिष्ट ठरवायचं, वगैरे गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच. अ‍ॅपचा मला खरा उपयोग झाला तो माणसांमुळे. माझी मामेबहीण परदेशात असते. तिने एखाद्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहिल्या की मी ते पुस्तक हुडकायला लागायचो, आणि पुढच्या फोनवर त्यावरच बोलणं व्हायचं. शिवाय जुनी नोंद अ‍ॅपमध्ये क्षणात सापडते, वही चाळत बसावी लागते. तुमचं बरंचसं वाचन इंग्रजी असेल, तर अ‍ॅप सोडायचं काहीच कारण मला दिसत नाही.

माझं बिनसलं ते मराठी पुस्तकांपाशी. ‘स्मृतिचित्रे’च घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र आधी भागाभागाने प्रसिद्ध झालं. पुढे त्याच्या संक्षिप्त आवृत्त्या निघाल्या, अशोक देवदत्त टिळकांनी संपादित केलेली अभिनव आवृत्तीही आली. इंग्रजीत जोसेफाइन इंकस्टर यांचा अनुवाद 1950 सालचा, शांता गोखले यांचा 2017 चा. आता हे पुस्तक मी वापरायचो त्या अ‍ॅपवर शोधायचं. नाव देवनागरीत टाकलं की एक नोंद, रोमन लिपीत टाकलं की दुसरी, जोडशब्द तोडून लिहिला की तिसरी. एकीला मुखपृष्ठ नाही, एकीला प्रकाशक नाही, आणि जिथे वाचकांची वर्दळ, तिथे मूळ पुस्तक आणि अनुवाद यांचे अभिप्राय एकत्र झालेले.

वडिलांच्या सोवळ्यापायी घरादाराने काय काय सोसलं, हे लक्ष्मीबाई ज्या हसऱ्या, बोलक्या मराठीत सांगतात, त्या सुराबद्दल मला लिहायचं होतं. खालीवर सगळे अनुवादाबद्दल बोलत होते. त्यांचं काही चुकत नव्हतं. ते त्यांनी वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहीत होते. पण माझ्या हातातलं पुस्तक वेगळं होतं, आणि कोणती आवृत्ती वाचली हे न सांगता ‘स्मृतिचित्रे’बद्दल बोलणं मला पटत नाही. संक्षिप्त प्रत वाचणाऱ्याच्या वाट्याला किती मजकूर आलाच नाही, हे तरी वाचकाला कळायला हवं.

हे एखाद्या पुस्तकापुरतं असतं तर मी सोडून दिलं असतं. वाचनालयातली जुनी पुस्तकं आणली की दर वेळी हेच. आयएसबीएनची, म्हणजे बारकोडमागच्या पुस्तक-क्रमांकाची, पद्धत 1970 ची. त्याआधीच्या छपाईवर स्कॅन करणार काय? आणि दिवाळी अंक? काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने अंकच वाचत आला आहे. माझंही नोव्हेंबर ते जानेवारीचं वाचन म्हणजे अंक. त्यातली एखादी दीर्घकथा वर्षभरातल्या कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त काळ मनात राहते. अ‍ॅपमध्ये तिला जागाच नाही, कारण ती पुस्तक नाही. माझ्या वाचनातला इतका मोठा वाटा जिथे मोजलाच जात नाही, तिथला वर्षाअखेरचा आकडा कितीही देखणा दिसला तरी माझ्या कामाचा नाही. माझा निर्णय झाला तो इथे.

वहीला यातलं काहीच अडत नाही. फुलस्केप, बांधणीची वही घ्यावी. मी उजव्या पानावर लिहितो: नाव, लेखक, प्रकाशक, कितवी आवृत्ती, कुठून आणलं, आणि मग मत. दिवाळी अंक असेल तर अंकाचं नाव, वर्ष, कथा कुठल्या पानापासून. डावं पान कोरं सोडतो. पुस्तक मिटल्या मिटल्या जे वाटतं ते टिकतंच असं नाही. चार-सहा महिन्यांनी तेच पुस्तक बोलण्यात निघतं, आपलं मत सरकलेलं असतं, ते डावीकडे तारखेसह लिहायचं. पहिल्या वाचनात मला ओढून ताणून मोठी केलेली वाटलेली एक कादंबरी होती. समोरच्या पानावर वेगळ्या शाईत तिच्या दोन प्रकरणांबद्दल भरभरून लिहिलेलं आहे. दोन्ही मतं माझीच, आणि दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. अ‍ॅपमध्येही अभिप्राय बदलता येतो, पण मी बदलायचो तेव्हा जुना पुसला जायचा.

राहिला प्रश्न इतरांना सांगण्याचा. इथे वही कमी पडते, हे मान्य. मी पानाचा फोटो काढून पाठवतो, बहिणीलाही आणि वाचणाऱ्या दोन-तीन मित्रांनाही. अनोळखी वाचकांपर्यंत ते पोचत नाही. तुम्हाला ती मोठी वर्तुळं हवी असतील तर अ‍ॅप ठेवा, मात्र मराठी पुस्तकाच्या अभिप्रायात पहिल्याच ओळीत आवृत्ती लिहा. एक्सेलचा पर्यायही काहीजण सुचवतात. यादीसाठी तो उत्तम, पण त्या चौकटीत मला दोन वाक्यांपुढे लिहवत नाही.

तुमचं वाचन निम्म्याहून जास्त मराठी असेल आणि दिवाळी अंक घरात येत असतील, तर मी वहीच घ्या म्हणेन. फक्त सुरुवातीलाच एक करा: शेवटची दहा-बारा पानं लेखकांच्या आडनावांच्या सूचीसाठी राखून ठेवा आणि उजव्या पानांना क्रमांक घाला. शोधायचा त्रास त्यानेच बराचसा संपतो.